गोडी लागणे आणि गोडी लावणे : पुण्याच्या निवेदनापासून कोसबाडच्या कुरणापर्यंत

मराठीत तहान लागते, भूक लागते, झोप लागते. या गोष्टी कोणी कोणाला लावीत नाही. गोडीचे तसे नाही. गोडी लागते आणि गोडी लावलीही जाते. शाळेविषयी बोलताना मात्र आपण बहुधा पहिलेच रूप पसंत करतो. ‘या मुलाला अभ्यासाची गोडी नाही’, ‘त्या समाजात शिक्षणाची गोडी नाही’, ‘खेड्यातल्या पोरांना शाळेची गोडी लागत नाही’ अशी वाक्ये शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत आणि सरकारी अहवालांतही सारख्याच सहजतेने येतात. या वाक्यांच्या व्याकरणातच एक सोय आहे. गोडी न लागणे हा ज्याला ती लागली नाही त्याचा गुणधर्म ठरतो. ती लावण्याचे काम कोणाचे होते, त्याने ते कसे केले, त्यासाठी कोणती मांडणी केली, हा प्रश्न वाक्याच्या बाहेर राहतो.

हा बाहेर राहिलेला प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलाच नाही असे नाही. इसवी सन १८८२ पासून पुढची पाऊणशे वर्षे पाहिली, तर तो निदान तीनदा गंभीरपणे विचारला गेलेला दिसतो, आणि तिन्ही वेळा उत्तर निराळे आले. त्या उत्तरांचा माग काढण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. शिकणाऱ्याला शिकावेसे वाटेल अशी शिकवण्याची रचना कशी करावी, या विषयावर आज ग्रंथांचा तोटा नाही. परंतु त्यांतील बहुतेकांत शिकणारा वर्गात येऊन बसलेला असतो. आपल्याकडील या इतिहासाची सुरुवात त्याच्या आधीपासून होते. येथे शिकणारा वर्गात नाही. तो गुरांमागे गेला आहे.

१

१८८२ च्या फेब्रुवारीत विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या वेळी मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची जी पद्धत होती, तिचे मूळ इंग्लंडात होते. १८६२ साली तेथे रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने असे ठरवले होते की, शाळेला मिळणारे अनुदान मुख्यतः मुलांच्या परीक्षेवर अवलंबून राहील. तपासनीस वर्षातून एकदा येणार, वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्हींत प्रत्येक मुलाची परीक्षा घेणार, आणि जेवढी मुले जेवढ्या विषयांत उत्तीर्ण होतील तेवढ्याच्या हिशेबाने पैसे मिळणार. कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. त्यांचा आक्षेप साधा होता: परीक्षेची तयारी आणि शिक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पैसा पहिलीला मिळू लागला की दुसरी आपोआप मागे पडते.

मुंबई इलाख्याने हे ‘निकालावर अनुदान’ उचलले. त्याची अंतर्गत रचना पाहिली म्हणजे त्यामागचे मानसशास्त्रही दिसते. शिक्षक आळशी आहे असे गृहीत धरायचे, त्याच्यापुढे पैसा ठेवायचा, मग तो मुलांना दामटून शिकवील, आणि मुले शिकतील. मुलाला शिकावेसे वाटते की नाही, हा प्रश्न या साखळीत कोठेच येत नाही.

जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात या साखळीवर नेमके बोट आहे. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. ते आज प्रामुख्याने आठवले जाते ते त्यातील दोन मागण्यांसाठी. एक, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. आणि दुसरी, वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर होणारा खर्च बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा. या दोन मागण्यांच्या तेजात निवेदनाचा एक लहान भाग झाकला जातो. फुले तेथे म्हणतात की, निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अज्ञ लोकांत शिक्षण पसरवण्यास मुळीच योग्य नाही. कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून निर्माणच झालेली नाही. अशा लोकांत कोणी शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढील तर त्याचे पोट भरणार नाही. गोडी निर्माण होईपर्यंत सरकारने स्वतः शाळा चालवल्या पाहिजेत आणि खास उत्तेजने दिली पाहिजेत.

‘गोडी नाही’ असे फुलेही म्हणतात, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. परंतु त्यांच्या वाक्यात ती निर्णयाच्या जागी नाही, कामाच्या सुरुवातीच्या जागी आहे. गोडी नाही, म्हणून या लोकांना सोडून द्या असे ते म्हणत नाहीत. गोडी नाही, म्हणून ती आहे असे गृहीत धरणारी तुमची अनुदानपद्धती येथे चालणार नाही, असे ते म्हणतात. दोष शिकणाऱ्याकडून रचनेकडे सरकतो, आणि या इतिहासातली पहिली महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

गोडी का नाही, याचे फुल्यांनी दिलेले कारणही पाहण्यासारखे आहे. खेड्यांतले शेतकरी शाळेपासून दूर राहतात ते अतिशय दारिद्र्यामुळे, आणि त्यांना गुरे राखण्यासाठी व शेताची राखण करण्यासाठी मुलांची गरज असते म्हणून. जी थोडी मुले शाळेत येतात तीही काही किरकोळ काम मिळताच शाळा सोडतात, कारण तेथे टिकून राहण्यासाठी त्यांना काही उत्तेजन नसते. म्हणून शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरण्याची त्यांना लाज वाटणार नाही. तपासनिसाची वर्षातून एक भेट निरुपयोगी आहे. निदान तीन महिन्यांनी भेट व्हावी, आणि कधी कधी न कळवताही जावे. शिक्षकाचा पगार वाढवावा, आणि जो शिक्षक पुष्कळ मुले उत्तीर्ण करील त्याला पगाराखेरीज काही जादा द्यावे.

हा शेवटचा मुद्दा काहींना विसंगत वाटेल. निकालावर अनुदान नको म्हणणारा मनुष्य निकालावर बक्षीस मागतो कसा? आमच्या मते यात विसंगती नाही. पोट निकालावर टांगलेले असणे आणि पोट भरल्यावर चांगल्या कामाची दखल घेतली जाणे, यांतला फरक फुल्यांना ठाऊक होता. पहिल्यात शिक्षक ज्या मुलांना शिकवणे सोपे आहे त्यांच्याकडेच वळणार. दुसऱ्यात निदान तशी सक्ती नाही.

आयोगाच्या शिफारशी आल्या तेव्हा निकालाचे तत्त्व प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी बव्हंशी कायमच राहिले. मागास भागांतल्या आणि विशेष परिस्थितीतल्या शाळांना निराळे नियम लावता येतील, अशी सवलत मात्र ठेवली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मागे पडली. तिची सवय किती मागे पडली, हे वाचकांनी आपल्या भोवतीच्या शाळा पाहून ठरवावे.

२

फुल्यांच्या मागण्यांपैकी सक्तीची मागणी संस्थानिकांनी आधी ऐकली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानाच्या अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये आणलेले विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले.

सक्तीचे मोल कमी लेखण्याची आमची इच्छा नाही. ज्या समाजात शाळेचे दार जातीवरून उघडत किंवा बंद होत असे, त्या समाजात ‘प्रत्येक मुलाने आलेच पाहिजे’ असा कायदा म्हणजे प्रथम ‘कोणालाही अडवता येणार नाही’ असा कायदा असतो. परंतु सक्तीने मूल शाळेत येते. आल्यावर त्याचे काय होते, याविषयी कायदा गप्प असतो. आल्यावर जे होत असे ते बहुतांशी पंतोजींच्या शाळेतून चालत आले होते. मांडी घालून बसायचे, परवचे घोकायचे, चुकले की हात पुढे करायचा. पावकी-निमकीची तालबद्ध घोकंपट्टी काही मुलांना आवडतही असेल. पण ती न आवडणाऱ्याला शाळेकडे जाण्याची दुसरी वाटच नव्हती.

या ‘आल्यावर काय’ला निराळे उत्तर देणारा प्रयोग त्याच काठेवाडात, भावनगरला झाला. त्यामागे रोमचा एक प्रयोग होता. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेंझो या कामगारवस्तीत बालगृह उघडले. मुले आईबाप कामाला गेल्यावर इमारतीत धुडगूस घालतात, भिंती खराब करतात, म्हणून घरमालकांच्या संस्थेला त्यांची सोय हवी होती. त्यातून ही शाळा निघाली. माँटेसरींनी मुलांच्या हाताला येईल असे साहित्य ठेवले, त्यांच्या उंचीचे सामान ठेवले, आणि कोणते साहित्य किती वेळ घ्यायचे ते मुलांवर सोपवले. त्यांच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. एका मुलाला शाबासकी म्हणून पदक घातलेले होते आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलेले होते. पदकवाला मुलगा साहित्याची ने-आण करण्यात गुंतला होता. पदक खाली पडले, खुर्चीतल्या मुलाने ते उचलले, आणि पहिल्याने ते त्याला खुशाल घेऊ दिले. ज्याला काम मिळाले होते त्याला पदकाचे काही वाटेना. ज्याला काम नव्हते त्याला पदकाने समाधान झाले. बक्षीस आणि शिक्षा या दोहोंवरचा माँटेसरींचा अविश्वास अशा निरीक्षणांतून पक्का होत गेला.

भावनगरचे वकील गिजुभाई बधेका आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना माँटेसरींच्या लिखाणापर्यंत पोहोचले. १९१६ मध्ये ते नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. गिजुभाईंनी माँटेसरींचे साहित्य घेतले, पण त्यात काही आपल्या पदरचेही घातले. लोककथा, लोकगीते, नाट्यप्रवेश, भटकंती यांना त्यांच्या पद्धतीत मोठे स्थान आहे. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक शिक्षक अधिकाऱ्याची परवानगी काढून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी घेतो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि वर्गात गोंधळ माजतो. पुस्तकात वाचलेली पद्धत वर्गात फसते. तेव्हा तो दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सांगू लागतो, आणि मग गोष्टीच्या मागोमाग वाचन, भाषा, इतिहास येऊ लागतात. सुधारणेची भलामण करणाऱ्या पुस्तकाची सुरुवात सुधारकाच्या फजितीने व्हावी, यातच गिजुभाईंचे शहाणपण आम्हांस दिसते. मुलांना काय आवडावे हे आधी ठरवून आलेला शिक्षक त्यांना काय आवडते हे पाहायला तेथे शिकतो.

३

या भावनगरला १९२३ मध्ये एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातल्या, १९१४ च्या पदवीधर. वैवाहिक आयुष्य मोडले होते, आणि राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापनशाळेचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले होते. गिजुभाईंबरोबर त्यांनी सुमारे नऊ वर्षे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षण-पत्रिके’च्या मराठी आवृत्तीतून हे विचार महाराष्ट्रात आले. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला.

दादरचा शिशुविहार यशस्वी झाला. मध्यमवर्गीय आईबापांना तो पटला, मुलांना आवडला, आणि बालशिक्षणाला मराठी शहरी जीवनात एक प्रतिष्ठा आली. ताराबाई तेथे थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु माँटेसरींचा मूळ प्रयोग गरीब वस्तीत झाला होता आणि आपल्याकडे ती पद्धत महागडे साहित्य घेऊ शकणाऱ्या घरांपुरती उरत होती, ही गोष्ट त्यांना डाचत होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची कल्पना विस्तारली आणि तिच्यात पूर्व-बुनियादी, म्हणजे शाळापूर्व वयाच्या शिक्षणाचा समावेश झाला. त्याच वर्षी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डीला आचार्य भिसे यांचे काम आधीपासून होते. मदतीला अनुताई वाघ आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुण्याहून या कामासाठी आल्या त्या कायमच्या.

१९४५ हे वर्ष त्या भागात दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवले जाते. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारली याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध उठले. किसान सभेच्या वतीने शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करीत होते. एकीकडे वेठ नाकारणारे आईबाप, दुसरीकडे त्यांच्या मुलांसाठी बालवाडी काढणाऱ्या दोन बाया. या दोन कामांची भाषा निराळी आणि राजकारणही निराळे. परंतु ज्या घरांची ही मुले होती त्या घरांना शाळा म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना वेठबिगार समजल्याशिवाय येत नाही. सावकार, जमीनदार, जंगलखाते यांच्या हाकेला ‘ओ’ देणे एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांना पांढऱ्या कपड्यांतली शाळा हीही आणखी एक हाक वाटली तर नवल नाही.

बोर्डीत प्रथम मध्यवर्ती बालवाडी निघाली. तेथे गावातली बऱ्या घरांची मुले आली. हरिजन आणि आदिवासी वस्त्यांतली मुले येईनात. या टप्प्यावर ‘त्यांना गोडी नाही’ असे म्हणून काम आवरते घेणे सहज शक्य होते. ताराबाई आणि अनुताईंनी उलट केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. पाड्यावर जायचे, एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. या अंगणातल्या बालवाडीचे नाव पडले अंगणवाडी.

साहित्याचा प्रश्नही असाच सुटला. माँटेसरींच्या साहित्यामागे एक तत्त्व होते: आकार, रंग, वजन, स्पर्श यांतला एकेक फरक मुलाच्या हाताला कळावा. ते तत्त्व लाकडी पेटीत नसते. शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पाने, माती, बांबू यांतही ते असते. किनाऱ्यावरचे आणि रानातले हे साहित्य फुकट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते मुलाच्या ओळखीचे होते. शाळेत पाऊल टाकताच आपल्याला काहीच येत नाही असे ज्याला वाटायचे, त्याच्या हातात ओळखीची वस्तू आली की निदान पहिल्या क्षणी तरी तो अडाणी राहत नाही.

४

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांच्या मधोमध, आले. तेथे एक नवा पेच पडला. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे होती. आई कामावर गेली की तान्ह्याला सांभाळण्याचे काम थोरल्या बहिणीचे. तिला शाळेत या म्हणणे म्हणजे तान्ह्याला वाऱ्यावर सोड म्हणणे. कोसबाडला यावर जी रचना झाली तिचे नाव विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने भावंडाला घेऊनच यावे, तान्हे पाळणाघरात राहील, मधले बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात बसेल.

मुलांच्या वाट्याला बहुधा गुरे होती. गुरे सकाळी सुटतात आणि संध्याकाळी परततात. शाळेची वेळ तीच. यावर कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जायचे. गुरांवर नजर ठेवत, झाडाखाली, जमेल तेव्हा जमेल तितके शिकायचे. फळ्याची जागा जमिनीने घ्यायची, मोजणीच्या मण्यांची जागा खड्यांनी.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी पुण्याच्या निवेदनात फुल्यांनी ज्या दोन अडचणी सांगितल्या होत्या, त्यांतली पहिली गुरे राखण्याची. कोसबाडच्या कुरणावर त्या अडचणीला शब्दशः उत्तर मिळाले. ताराबाई-अनुताईंनी ते निवेदन समोर ठेवून हे केले असे आमचे म्हणणे नाही. दोघांनी एकाच वास्तवाकडे नीट पाहिले आणि म्हणून ते एकाच ठिकाणी पोहोचले, एवढेच.

येथे बक्षिसाचा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. फुले शिष्यवृत्ती आणि बक्षिसे मागतात. माँटेसरी आणि गिजुभाई बक्षिसाला नकार देतात. कोणाचे खरे? आम्हांस वाटते, येथे ‘बक्षीस’ या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी दडल्या आहेत. गुराख्याचे मूल शाळेत आले तर घराचे नुकसान होते: त्याची मजुरी जाते किंवा गुरे मोकाट सुटतात. त्याला मिळणारी शिष्यवृत्ती ही त्या नुकसानीची भरपाई असते. शिकण्याची किंमत घराने एकट्याने सोसू नये, एवढाच तिचा अर्थ. सान लोरेंझोच्या मुलाचे पदक निराळे. ते, जे काम मुलाला मुळातच आवडू शकते, त्यावर बाहेरून चिकटवलेले आमिष आहे. भरपाई शाळेकडे येणारी वाट मोकळी करते. आमिष शाळेतल्या कामाची जागा घेते. फुल्यांच्या यादीतील वार्षिक बक्षिसे या दोहोंच्या सीमेवर बसतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्यांचा हेतू आईबापांना मुले शाळेत पाठवण्यास उत्तेजन देणे हा होता, आणि ते पहिल्या बाजूला झुकते.

हा भेद न कळल्याने पुढे पुष्कळ गैरसमज झाले. शाळेतला पोषण आहार देशभर १९९५ मध्ये सुरू झाला आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाच्या रूपात सर्वत्र येऊ लागला. तेव्हा ‘मुले खिचडीसाठी शाळेत येतात’ असा टोमणा सुशिक्षितांत फार लोकप्रिय होता. उपाशी पोटी शिकता येत नाही, म्हणून अन्न द्यावे लागते. त्याला लालूच म्हणणाऱ्याने कधी उपाशीपोटी पाढे म्हटलेले नसतात. मात्र उलट बाजूही तितकीच खरी आहे. खिचडीने मूल आवारात येते आणि वर्गात घोकंपट्टीच चालू राहिली, तर गोडी खिचडीचीच लागणार. कोसबाडचे वैशिष्ट्य असे की तेथे दोन्ही बाजू एकाच माणसांच्या हातात होत्या. पाळणाघराची काळजी वाहणारीच व्यक्ती शिंपल्यांच्या खेळाचाही विचार करीत होती.

५

या इतिहासाला एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. कुरणशाळेने बालमजुरी मान्य केली, असे म्हणता येणार नाही काय? मुलाने गुरे राखावीत हे गृहीत धरून शाळेने स्वतःला वाकवले. आईबापांवर, मालकांवर, सरकारवर काहीच भार टाकला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात काम करणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाची मोठी योजना होती, आणि तिच्यावर नेमका हाच आक्षेप आला: गरिबांच्या मुलांसाठी दोन तासांची दुय्यम शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही वाट बंद केली. सहा ते चौदा वयाचे प्रत्येक मूल पूर्णवेळ, नियमित शाळेत असले पाहिजे, असे आज कायदा सांगतो.

हा आक्षेप आम्हांस गंभीर वाटतो आणि कायद्याची दिशा योग्यच वाटते. फुल्यांनीही सक्तीच मागितली होती. कुरणशाळा कायमची राहावी असे कोणी म्हणू नये. पण ती ज्या प्रश्नाला उत्तर देत होती तो प्रश्न कायद्याने सुटत नाही. १९९० च्या दशकात त्याच ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर विधायक संसदेच्या भोंगाशाळा निघाल्या. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. पुढे मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आली. शाळेने मुलाकडे जायचे की मुलाला शाळेजवळ ठेवायचे, हा वाद अजून संपलेला नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एकच: मूल शाळेत नाही, याचे कारण मुलाच्या मनात शोधण्याआधी त्याच्या दिवसाच्या वेळापत्रकात शोधावे.

अंगणवाडी या शब्दाचे पुढे जे झाले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने तेहतीस प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव दिले. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या होत्या; अनुताईंना मात्र आपला शब्द देशभर जाताना पाहता आला. त्या १९९२ मध्ये गेल्या. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. लक्षावधी बालके या योजनेने जगवली, हे कोणीही मान्य करील. परंतु या सहांपैकी पहिल्या पाचांची मोजमापे ठरलेली आहेत. किलो, ग्रॅम, लसीच्या मात्रा, नोंदवह्या. सहावीचे मोजमाप ठरवणे कठीण. जे मोजता येते त्याचाच हिशेब मागितला जातो, आणि एकट्या सेविकेच्या दिवसातून जे पहिल्याने गळते ते गाणे, गोष्ट आणि शिंपल्यांचा खेळ. निकालावर अनुदानाच्या पद्धतीत जे शिक्षकाचे झाले होते, त्याची ही दूरची पडछाया आहे. तेथे परीक्षेत दिसेल तेवढेच शिकवले जाई; येथे नोंदवहीत दिसेल तेवढेच घडते. अंगण राहिले, वाडी राहिली. ज्यासाठी ते अंगण झाडले होते ते कोपऱ्यात गेले.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांचा काळ औपचारिक शिक्षणाच्या चौकटीत घेतला आहे आणि खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. शब्द चांगले आहेत. पण शब्द १९७५ मध्येही चांगलाच होता, नव्हे, तो थेट बोर्डीच्या पाड्यावरून आला होता. शब्द उचलताना त्यामागची पाहण्याची रीत उचलायची राहून जाते, हाच या इतिहासाचा धडा असेल तर तो या वेळी विसरून चालणार नाही. फुल्यांनी आधी पाहिले की पोरे गुरांमागे आहेत. गिजुभाईंच्या शिक्षकाने पाहिले की शांततेचा खेळ फसला. कोसबाडच्या बायांनी पाहिले की मुलीच्या कडेवर भावंड आहे. प्रत्येकाने त्या पाहण्यातून रचना केली, आणि पहिली रचना चुकली तेव्हा मुलाला दोष न देता रचना बदलली.

म्हणून ‘गोडी नाही’ हे वाक्य शिक्षकाने, अधिकाऱ्याने किंवा आपण कोणीही उच्चारले, तर त्याच्या पुढे आणखी एक वाक्य लिहिण्याची सवय लावून घ्यावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. गोडी नाही, आणि ती लागावी म्हणून आजवर येथे अमुक अमुक केले गेले. पुष्कळ ठिकाणी या दुसऱ्या वाक्यात ‘अमुक’च्या जागी लिहायला काही सापडणार नाही. तेथून काम सुरू करता येईल.